जाणार म्हणजे

"अहो, श्वास सोडा," सुहासिनी म्हणाली आणि तिनं शशिधरच्या लाइफ जॅकेटचा पट्टा आणखी ओढला.

पट्टा बकलातून सरकत सरकत संपत आला, तरी जॅकेट अंगाला काही बसेना. जॅकेट मीडियम मापाचं होतं. गेल्या उन्हाळ्यात याच माणसाला लार्जसुद्धा पोटावर आवळलं असतं. उरलेलं टोक तिनं दोनदा गुंडाळून आत खोचलं आणि वर न बघता, मुलांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली,

"आज. संध्याकाळी परतीच्या व्हॅनमध्ये बसायच्या आधी."

"हो."

"तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन. पण मला सांगायला लावू नका."

"हो म्हटलं ना."

पाण्याच्या कडेला बेथन नावाची त्यांची गाईड दोन लांबट होड्या शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यावर आडवे दांडे बांधत होती. एकटी होडी उलटू शकते, पण दोन अशा जखडल्या की त्यांचा तराफा होतो आणि तो सहसा उलटत नाही, असं तिनं मघाशी समजावून सांगितलं होतं. साउथहॅम्प्टनला नोकरी करणारा सत्तावीस वर्षांचा अर्जुन तिला दांडे धरून देत होता. कस्तुरी, त्याच्याहून सहा वर्षांनी धाकटी, काठावर बसून बुटात शिरलेले खडे काढत होती.

खरं तर या चौघांनी आज अमेरिकेत असायला हवं होतं. वाळवंटातून वाहणारी नदी, तिनं कापून काढलेली तांबडी खोल दरी, तराफ्यावरून सहा दिवस खाली उतरायचं, मध्येच उतरून कपारींतून चालायचं आणि वाळूवरच झोपायचं, असा बेत कस्तुरी शाळेत असल्यापासून चालला होता. तिकिटं काढायची वेळ आली आणि प्रवासाच्या विम्याचा फॉर्म आडवा आला. त्यात एक प्रश्न होता, डॉक्टरांनी तुमचा आजार बरा होणारा नाही असं सांगितलं आहे का? शशिधर स्वतः डॉक्टर. खोट्यावर टिक करायला त्याचा हात धजेना. मुलांना मात्र त्यानं बिनदिक्कत सांगून टाकलं, की माझ्या डायबेटिसपायी विमेवाले नखरे करताहेत, या वर्षी इथंच कुठंतरी जाऊ.

मग त्यानंच इंग्लंड-वेल्सच्या सीमेवरची वाय नदी काढली. बर्मिंगहॅमहून गाडीनं दीड तास. दोन्हीकडं कडे आहेत, वाहतं पाणी आहे, चढायला डोंगर आहे, वाळवंट तेवढं नाही. दुधाची तहान ताकावर, एवढंच. शिवाय नावातली गंमत होतीच. शशिधर मूळचा वाईचा. तीस वर्षांपूर्वी इथं आला तेव्हा पासपोर्टावरचं जन्मगाव वाचून इंग्रज कारकून त्याला हटकून विचारायचे, म्हणजे आमच्या वायकडचे का तुम्ही? हा किस्सा त्यानं घरात इतक्यांदा सांगितला होता की मुलं त्याच्या आधी शेवट म्हणून टाकत.

तराफा पाण्यात लोटला. डावीकडच्या होडीत पुढं अर्जुन, मागं शशिधर. उजवीकडच्या होडीत पुढं कस्तुरी, मागं सुहासिनी. बेथन तिच्या छोट्या होडीतून वाट दाखवत पुढं निघाली. जून महिना होता, पाणी संथ होतं. मुलांच्या फक्त पाठी दिसत होत्या आणि शशिधरला ते सोयीचं वाटत होतं.

"आता डोळे बंद करा," कस्तुरी म्हणाली. "आणि इमॅजिन करा, सगळीकडे कॅक्टस."

"तो कॅक्टस आत्ता 'क्वॅक' म्हणाला," अर्जुन म्हणाला.

सुहासिनी हसली. शशिधरही हसला, आणि हसताना पोटात कळ आली म्हणून वल्हं गुडघ्यांवर आडवं ठेवून बसला.

भूल देणारा डॉक्टर म्हणून त्यानं आख्खी नोकरी बर्मिंगहॅमच्या रुग्णालयात काढली होती. पुढं पुढं अतिदक्षता विभागही त्याच्याकडं आला, आणि त्याबरोबर नातेवाइकांना एका छोट्या खोलीत बसवून वाईट बातमी सांगायचं कामही. तिथं काय बोलायचं याचं रीतसर शिक्षण त्यानं घेतलं होतं. आधी एक सावध करणारं वाक्य, मग थांबायचं, मग खरं काय ते सरळ शब्दांत, आणि मग पुन्हा थांबायचं. तरुण डॉक्टरांना तो हे शिकवायचा. पण ते सगळं इंग्रजीत. घरी त्याचा कायदा वेगळा. मुलांनी इंग्रजीत विचारलं तर उत्तर मिळणार नाही, आणि चुकलं तर तिथल्या तिथं दुरुस्ती. या कायद्यापायी मुलं मराठी बोलत होती, मोडकंतोडकं का होईना. त्याला त्याचा केवढा अभिमान. आता स्वतःच्या मरणाची बातमी त्या कायद्यात बसवायची होती, आणि मराठीत असली बातमी त्यानं आजवर कुणालाच सांगितली नव्हती.

कॅन्सर स्वादुपिंडातून यकृतात गेलेला होता. एप्रिलमध्ये कळलं. कस्तुरीची ग्लासगोला शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू होती, तेव्हा ती होईपर्यंत गप्प बसायचं हे नवराबायकोनं मिळून ठरवलं. परीक्षा संपून तीन आठवडे झाले होते. सुहासिनीनं या तीन आठवड्यांत मुलांच्या फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारल्या होत्या आणि फोन ठेवल्यावर प्रत्येक वेळी बाथरूमचा नळ सोडून बसली होती. म्हणून तिच्यावर सांगायची पाळी येऊ द्यायची नव्हती. उरलेल्या दिवसांत आपल्याला नीट करता येईल असं हे एकच काम आहे, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

दुपारी ते सायमंड्स यॅट या गावाच्या धक्क्याला लागले. काठावरच्या बाकावर सुहासिनीनं तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं काढलं. शशिधरनं एक पुरी घेतली आणि बराच वेळ ती खाल्ल्यासारखं केलं. तिथून वर कड्याच्या माथ्यावर पायवाट जात होती. माथ्यावरून नदीचं वळण दिसतं आणि समोरच्या कड्यात ससाणे घरटं करतात, बेथननं सांगितलं.

"कस्तुरी, चल, आपण पुढं होऊ," सुहासिनी म्हणाली. "यांना सावकाश येऊ दे."

आणि जाता जाता तिनं नवऱ्याकडं एकदा पाहिलं.

पायवाट झाडीतून नागमोडी चढत होती. पहिल्या वळणावर शशिधरनं बूट बांधायचं निमित्त केलं, दुसऱ्यावर पक्षी पाहायचं. तिसऱ्यावर निमित्तं संपली. एका आडव्या पडलेल्या ओंडक्यावर तो बसला.

"बाबा, आर यू ओके?"

शशिधर काही बोलला नाही. अर्जुननं उसासा टाकला.

"बरे आहात का तुम्ही?"

"बस जरा. एक सांगायचंय तुला. ऐकून बरं वाटणार नाही."

हे सावध करणारं वाक्य. ते जमलं. अर्जुन शेजारी बसला. आता थांबायचं होतं, तसा तो थांबला. मग सरळ शब्द हवा होता. तो शब्द जिभेवर आला, पण बाहेर पडताना त्यानं कपडे बदलले. त्याच्या आईनं कधी तो शब्द उच्चारला नव्हता, वडिलांनी नाही, घरात कुणीच नाही. माणसं जात, वारत, देवाघरी जात.

"अर्जुन, मी आता जाणार आहे."

अर्जुन पायाशी पडलेली काटकी उचलून तिची साल काढू लागला.

"कधी?"

त्याच्या शांतपणाचं शशिधरला नवल वाटलं. पोरानं ओळखलं होतं की काय?

"दिवाळीपर्यंत. कदाचित आधीच."

"नक्की?"

"नक्की."

"आईला माहीत आहे?"

"तिला पहिल्यापासून."

"आणि ती काय म्हणते?"

"काय म्हणणार? रडली. आता रडत नाही. माझ्यासमोर तरी नाही."

अर्जुननं काटकी मोडली. "ती पण येणार तुमच्याबरोबर?"

"ती कशी येईल? ती इथंच राहील."

हे म्हणता म्हणता शशिधरला प्रश्न विचित्र वाटला, पण तोवर अर्जुन उभा राहिला होता. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"म्हणजे तुम्ही तिला सोडून जाताय. थर्टी इयर्स नंतर. तिला इथं टाकायचं आणि आपण वाईला जायचं."



चूक पोराची नव्हती. त्या घरात 'जाणार' या शब्दाला एकच गाव माहीत होतं. रिटायर झालो की जाणार. तुमची शिक्षणं झाली की जाणार. भावानं वाईला बांधलेल्या घराचा वरचा मजला शशिधरनं आपल्यासाठी राखून ठेवायला लावला होता, आणि दर थंडीत, खिडकीवर दुपारी चारला अंधार आला की, तो म्हणायचाच, मी जाणार. त्यावर सुहासिनीचं उत्तरही ठरलेलं. तुम्ही जा, मी नाही येणार, माझं दुकान आहे इथं. ती एका केमिस्टच्या दुकानात फार्मसिस्ट होती आणि अर्धी गल्ली तिला नावानं ओळखत होती. मुलं हे भांडण ऐकत लहानाची मोठी झाली. बाबा एक दिवस खरंच निघतील, ही भीती त्यांनी लहानपणी घेतली असेल हे शशिधरच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"अर्जुन, ऐक—"

"नाही, तुम्ही ऐका. आई एकटा कसा राहणार?"

"एकटी कशी," शशिधरच्या तोंडून गेलं.

"सीरियसली, बाबा? हे इम्पॉर्टंट आहे आत्ता?"

जित्याची खोड. शशिधरनं मान खाली घातली.

"तुम्हीच शिकवलं ना आम्हाला," अर्जुन म्हणाला. त्याचा आवाज चिरकत होता. "जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. मी शाळेत जाताना दारातून परत बोलवायचे तुम्ही, ते नीट म्हणायला. मग तुम्ही काय म्हणताय आज? येणार का परत?"

"नाही येणार."

"फाइन." त्यानं काटकीचे दोन्ही तुकडे झाडीत भिरकावले. "जा तुम्ही. मी बघेन तिच्याकडे. साउथहॅम्प्टन सोडेन, घरून काम करेन, ऑफिसला नाही चाललं तर दुसरं ऑफिस. तिला एक दिवस एकटी ठेवणार नाही मी. तुम्हाला नको तर मला हवी आहे ती."

एवढं बोलून तो तरातरा वर निघून गेला.

शशिधर ओंडक्यावर बसून राहिला. एक हाक मारली असती तरी पोरगा थांबला असता. एका वाक्यानं सगळा गैरसमज दूर झाला असता. पण ते वाक्य त्याला बोलायचंच नव्हतं. आपल्यामागं सुहासिनीचं काय, या एका काळजीनं तो एप्रिलपासून पोखरला जात होता, आणि तिचं उत्तर पोरानं न मागता, रागाच्या भरात, व्याकरणासकट देऊन टाकलं होतं. त्याला इतकं बरं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली. राहू दे, त्याला वाटलं. चिडलेला पोरगा पुष्कळ बरा. आजचा दिवस तरी चिडलेलाच राहू दे.

तो माथ्यापर्यंत गेलाच नाही. तिघं खाली उतरली तेव्हा कस्तुरी एकटीच बोलत होती. तिनं कुणाच्यातरी दुर्बिणीतून ससाण्याची पिल्लं पाहिली होती. अर्जुन तिच्यामागून, हात खिशात घालून, शशिधरकडं न बघता पुढं निघून गेला. सुहासिनी थांबली.

"सांगितलंत?"

"बोललो त्याच्याशी."

हे खोटं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. तिनं त्याच्या दंडाला धरून त्याला उतारावरून खाली आणलं.

पुन्हा तराफ्यावर बसले. बेथननं सांगितलं, आता थोड्या अंतरावर पाणी उसळतं, आवाज ऐकू आला की सगळ्यांनी एकदम वल्हवायचं, मध्ये थांबायचं नाही. अर्जुन एकटा दोघांचं वल्हवत होता. प्रत्येक फटक्याला पाणी मागं शशिधरच्या मांडीवर उडत होतं. सुहासिनीनं त्याची पाठ पाहिली आणि तिला वाटलं, आजाराचं ऐकूनच पोरगा असा चिडलाय.

"अर्जुन," ती हळूच म्हणाली, "बाबांवर रागावू नको रे. त्यांच्या हातात आहे का ते?"

"मग कोणाच्या हातात आहे?" तो मागं न वळता म्हणाला. "तिकीट काय देव काढतो?"

"कसलं तिकीट?" कस्तुरी म्हणाली.

"बाबा वाईला चाललेत. फॉर गुड. आई इथंच. त्यांनी ठरवलंय, आणि आपल्याला आज सांगतायत, पिकनिकला आणून."

कस्तुरी गर्रकन मागं वळली. दांड्यांनी बांधलेल्या दोन्ही होड्या करकरल्या.

सुहासिनीनं नवऱ्याकडं पाहिलं. त्यांच्यामध्ये हातभर पाणी होतं. शशिधरनं नजर वळवली नाही, तेवढं त्यानं केलं. ती आता बोलणार, आपण केलेला वायदा आपल्याच भित्रेपणानं मोडणार आणि ते वाक्य तिच्या तोंडून येणार, हे त्याला दिसत होतं. तिनं वल्हं वर घेतलं. त्यावरून पाणी ठिबकत होतं.

"हो," ती मुलांना म्हणाली. "मीच म्हटलं, जा म्हणून."

शशिधरला आधी कळलंच नाही ती काय बोलतेय.

"कितीदा अडवायचं माणसाला?" ती सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलत होती. "त्यांचा जीव तिकडं आहे. माझं सगळं इथं. भांडण नाही झालं, काही नाही. तुम्ही मोठे झालात आता."

"म्हणजे तुम्ही सेपरेट होताय," अर्जुन म्हणाला.

"तसंच समज."

तिनं एवढी वर्षं बांधलेला संसार असा, एका दुपारपुरता, नवऱ्याला सांगायचं धैर्य होईपर्यंत, आपल्या हातानं मोडून मुलांसमोर ठेवला.  कस्तुरी आईलाच म्हणाली,

"पण आई, तू का नाही जात? त्यांना इतकं जायचंय तर तू पण जा ना. एकटे काय करतील ते तिथं? तू बरोबर गेली तर काय होणार?"

"बरोबर जाता येत नाही गं," सुहासिनी म्हणाली.

"का नाही येत? एक दुकान नाही सोडता येत तुला? यू आर सो स्टबर्न, आई. त्यांना असं एकटं पाठवते तू."

सुहासिनीनं हे ऐकून घेतलं. मान हलवली. पोरीचा राग तिनं मुकाट पदरात घेतला.

"पुरे," शशिधर म्हणाला.

तिघांनी त्याच्याकडं पाहिलं. अर्जुननं फक्त मान वळवली होती.

"आईला काही बोलू नका. वाईला नाही जात मी. अर्जुन, जाणार म्हणजे मरणार. कॅन्सर आहे मला. एप्रिलपासून माहीत आहे आम्हाला. तुझी परीक्षा होती, कस्तुरी, म्हणून थांबलो. मग मलाच बोलवेना."

'मरणार' हा शब्द त्यानं पहिल्यांदाच उच्चारला होता. बाकीच्या शब्दांसारखाच निघाला तो, जड नाही, हलका नाही.

कुणी वल्हवत नव्हतं. तराफा आपसूक वाहत होता आणि हळूहळू आडवा होऊ लागला होता. पुढं पाण्याचा आवाज वाढला होता. बेथन तिच्या होडीत वळून हातवारे करत ओरडत होती, "फॉरवर्ड! कीप पॅडलिंग, गाइज!" सर्वांत आधी सुहासिनीचं वल्हं पाण्यात गेलं. मग कस्तुरीचं. ती मोठ्यानं रडत होती आणि वल्हवत होती, आणि नाक पुसायला दोन्ही हात रिकामे नसल्यामुळं खांद्यानं पुसत होती.

अर्जुननं वल्हं आत टाकलं. दोन्ही हातांनी होडीच्या कडा धरून त्यानं एक पाय उचलला, मग दुसरा, आणि बसल्या फळीवरच तो उलटा फिरला. आता त्याची पाठ पुढच्या पाण्याकडं होती आणि गुडघे बापाच्या गुडघ्यांना टेकत होते.

"फेस द फ्रंट, मेट!" बेथन ओरडली.

त्यानं ऐकलं नाही. पहिली उसळी आली, पुढचं टोक वर गेलं आणि त्याच्या मानेवरून थंड पाणी आत आलं. तो वडिलांच्या चेहऱ्याकडं बघत होता, तिथं इतके महिने लिहिलेलं काहीतरी आपण वाचलंच नाही तसा. त्यानं हात पुढं करून शशिधरच्या मुठीतलं वल्हं काढून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

"बाबा, दुखतं?"

होडी खाली आपटली, पुन्हा उचलली गेली.

"हो," शशिधर म्हणाला. "फार दुखतं."

शेजारच्या होडीत सुहासिनीचं वल्हं थांबलं. तिनं रोज विचारलं होतं, आणि रोज तो नाही म्हणाला होता.